उंचावरची पहिली रात्र आणि अंगावरचं वजन

कैलास-मानसरोवर यात्रेसाठी परराष्ट्र मंत्रालयाने घातलेली एक अट थेट आकड्यात आहे: बीएमआय 25 किंवा त्याहून कमी हवा. वय 18 ते 70 मध्ये बसतंय, पासपोर्ट तयार आहे, पैशांची सोय झाली आहे, तरी हा आकडा जुळला नाही तर यात्रेला मुकावं लागतं. आधी दिल्लीत तपासणी होते. मग लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे डॉक्टर पुन्हा तपासतात आणि तिथे कमी पडलेल्याला अर्ध्या वाटेवरून परत पाठवतात. 2020 पासून बंद असलेली ही यात्रा 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हाही ही अट कायम होती. बीएमआय काढणं सोपं आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला 25 म्हणजे 68 किलो. पाच फूट उंचीच्या बाईला 58 किलो.

वासोणा, सिल्वासा, खानवेल या आपल्या पट्ट्यातून कैलासला जाणारे मोजकेच. केदारनाथ, अमरनाथ आणि लेह-लडाखला मात्र माणसं गटागटाने निघतात. केदारनाथ 3,583 मीटरवर, अमरनाथची गुहा 3,888 मीटरवर, लेह शहर सुमारे 3,500 मीटरवर. आपण राहतो समुद्रसपाटीपासून जेमतेम तीस मीटरवर. या वाटांवर तुम्हाला वजनकाट्यावर कुणी उभं करत नाही. अमरनाथला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं आहे. 2012 च्या यात्रेत इतके भाविक दगावले, की सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर तपासणीचे नियम कडक झाले. पण ते प्रमाणपत्र सही-शिक्क्यापुरतं घेणारे आपल्या ओळखीत प्रत्येकाला सापडतील. तेव्हा ही तपासणी आपली आपणच करायची आहे.

जादा वजनाच्या माणसाने उंचावर जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. नव्वद-पंचाण्णव किलोची माणसं नीट तयारी करून केदारनाथाचं दर्शन घेऊन सुखरूप येतात. पण अशा माणसाची खरी कसोटी लागते ती झोपेत, आणि तयारी सगळे करतात ती फक्त चढाची. बूट घेतात, काठी घेतात, महिनाभर चालतात. रात्रीचा विचार कुणी करत नाही.

उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण खालच्याइतकंच असतं, जवळपास 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या सुमारे 65 टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसात पोचणारा ऑक्सिजन एक तृतीयांशाने घटतो. शरीर यावर पहिला उपाय करतं तो जोरात आणि भराभर श्वास घेण्याचा. जादा वजनाच्या माणसाची अडचण इथूनच सुरू होते. पोटावर चरबी साठलेली असली की ती श्वासपटलाला खालून वर दाबते. उभं असताना हा दाब फारसा जाणवत नाही. उताणं झोपलं की सगळं पोट छातीकडे सरकतं, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, तिथल्या बारीक श्वासनलिका मिटतात. रक्त तिथून वाहत राहतं, पण त्याला ऑक्सिजन मिळत नाही. गळ्याभोवती चरबी असेल तर झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट अरुंद होते. त्यातून घोरणं येतं, आणि पुढे श्वासच काही सेकंद थांबतो.

सिल्वाशात हे रोज रात्री घडत असतं आणि निभावून जातं. याचं कारण रक्ताच्या स्वभावात आहे. रक्तातली ऑक्सिजनची पातळी 97-98 टक्के असते, तेव्हा श्वास थोडा वेळ अडला तरी ती चटकन खाली येत नाही. लेहला पोचल्या दिवशी हीच पातळी बऱ्याच निरोगी माणसांचीही 85 ते 90 च्या आसपास असते. सपाट रस्ता संपून घाटाचा उतार लागावा तशी ती पुढे वेगाने घसरते. खाली ज्या अडथळ्याने पातळी दोन-चार अंकांनी उतरत होती, त्याच अडथळ्याने वर ती सत्तरीपर्यंत जाऊ शकते, आणि तेही रात्रभर, पुन्हा पुन्हा. भर म्हणजे उंचावर निरोगी माणसाच्याही झोपेत श्वासाची लय बिघडते: काही श्वास खोल, मग काही क्षण एकही नाही, मग दचकून पुन्हा श्वास. घोरणाऱ्या माणसावर हे दोन्ही एकदम येतं. सकाळी तो डोकं धरून उठतो, मळमळतं, खाण्यावर वासना नसते. घरचे म्हणतात, पित्त झालंय.

याचा एक पडताळा 2003 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. नऊ लठ्ठ आणि दहा लठ्ठ नसलेल्या पुरुषांना हवेचा दाब कमी करता येणाऱ्या खोलीत 3,658 मीटर उंचीइतक्या दाबात 24 तास ठेवलं. दिवस संपता संपता लठ्ठ गटातल्या सात जणांना उंचीचा त्रास स्पष्ट झाला, दुसऱ्या गटातल्या चौघांना. लठ्ठ गटाची रात्रीची ऑक्सिजन पातळीही जास्त खाली गेली होती. माणसं थोडीच होती, आणि पुढच्या सगळ्याच अभ्यासांत वजनाचा संबंध इतका ठळक दिसलेला नाही. त्यामुळे कुणी तुम्हाला ‘तू जाड आहेस, तुला होणारच’ असं म्हणालं तर ते खरं मानू नका. उलट बाजूही ध्यानात ठेवा: दुसऱ्या गटातही दहांतल्या चौघांना त्रास झाला होता. आपल्या लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये 1,925 जवानांच्या उंचीच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. ती सगळी तरुण, कसलेली माणसं होती. चढण्याची ताकद वेगळी आणि उंचीची सवय वेगळी. ताकद व्यायामाने येते, सवय फक्त तिथे राहून, दिवस देऊन लागते.

आता घरच्या तपासणीकडे वळतो, कारण माझ्या मते या लेखातला सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे. बीएमआय काढा, पण तिथे थांबू नका. भारतीयांसाठी 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर टेपने मोजा. पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईला 80 सेंटिमीटर ही सीमा. तोच टेप मानेभोवती धरा. मान 40 सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर झोपेत श्वास अडण्याची शक्यता वाढते. मांड्यांवर आणि नितंबांवर साठलेलं वजन गुडघ्यांना त्रास देईल, पण श्वासाच्या दृष्टीने पोट आणि मान यांचंच वजन महत्त्वाचं.

मग शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कधीच ऐकू येत नाही. नुसतं ‘घोरतो का?’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘कोण घोरत नाही’ असंच येईल. असं विचारा: ‘मी घोरता घोरता एकदम गप्प होतो का? नंतर गुदमरल्यासारखा आवाज येतो का?’ खात्री नसेल तर एखाद्या रात्री मोबाइल उशाशी ठेवून आवाज रेकॉर्ड करा. पहाटे दोन ते चार या वेळेतला तुकडा ऐका. घोरण्याचा चढता सूर, मग दहा-पंधरा सेकंद शांतता, मग जोराची घरघर, असं तासाला अनेकदा ऐकू आलं तर तिकीट काढण्याआधी छातीविकार तज्ज्ञाकडे जायचं. दिवसा गाडीत, सभेत, जेवल्यावर डुलकी लागणं, सकाळी डोकं जड असणं, रक्तदाब औषधं घेऊनही आटोक्यात न येणं, ही त्याच दुखण्याची दिवसाची रूपं. सिल्वाशाच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना दिवसाची झोप नेहमीचीच वाटते. त्यांनी तर नक्कीच तपासून घ्यावं. पाळीचा थकवा समजून वर्षानुवर्षं हे दुखणं अंगावर काढलं जातं.

डॉक्टर झोपेची तपासणी सांगतील. हल्ली ती यंत्र घरी नेऊनही करता येते. वजन खूप जास्त असेल, पायांवर सूज येत असेल, किंवा घरी शांत बसून बोटाच्या ऑक्सिमीटरवर पातळी 93 वा त्याहून कमी दिसत असेल, तर रक्तातलं बायकार्बोनेट तपासायला सांगा. ते 27 किंवा वर असेल तर श्वास सतत उथळ राहून शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतोय की काय, हे पाहावं लागतं. अशा माणसाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब आधीच वाढलेला असू शकतो आणि उंचावर तो आणखी वाढतो. त्याच्या फुप्फुसात पाणी होण्याचा धोका मोठा. त्याने उपचार सुरू करून, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय लेहचं विमान धरू नये. इथे मी कोणतीही सवलत सुचवणार नाही.

श्वास अडण्याचं निदान होऊन सीपॅप यंत्र (झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) मिळालं असेल तर ते सोबत न्यायचं. वर वीज नसेल म्हणून ते घरी ठेवून जाणारे नेमके ज्या रात्री ते हवं असतं त्याच रात्री त्याच्याशिवाय झोपतात. हॉटेलात रात्रभर वीज असते का, आधी विचारा. यंत्राला चालणारी बॅटरी मिळते, तिचीही सोय पाहा. यंत्र किती उंचीपर्यंत आपोआप दाब जुळवतं, ते त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात श्वास अडणाऱ्या रुग्णांना 2,590 मीटरवर नेऊन पाहिलं, तेव्हा यंत्राच्या जोडीला असिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध दिलेल्यांची रात्रीची ऑक्सिजन पातळी चांगली राहिली. हे औषध घ्यायचं की नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

वजन कमी करायला हाताशी निदान तीन-चार महिने हवेत. आठवड्याला अर्धा किलो या बेताने तेवढ्या काळात सहा-सात किलो उतरतात, आणि ते पुरेसं ठरू शकतं. मोठ्या पाहणीत दिसलं आहे, की वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने घटतं. आपल्या पट्ट्यात नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ घराघरात असते. ती सोडून कुठलंही परदेशी पथ्य करायची गरज नाही. भाताचा ढीग आणि संध्याकाळचं फरसाण यांना हात लावलात तरी बरंच साधेल. निघायच्या शेवटच्या आठवड्यात मात्र वजन उतरवण्याचा प्रयत्न थांबवा. उपाशी, कोरड्या अंगाने वर जाणं घातक. अमरनाथ यात्रा आषाढ-श्रावणात येते आणि अनेकांचा चातुर्मासाचा उपास चालू असतो. वाटेवर असताना तो सोडावा किंवा निदान राजगिरा, बटाटा, फळं असं पोटभर खावं. वजन उतरवण्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना प्रवासाची तारीख सांगावी, कारण इंजेक्शनांनी होणारी मळमळ आणि उंचीची मळमळ वर वेगळी ओळखू येत नाही.

चालायला आपल्याकडे जागा उत्तम आहेत. वासोण्याच्या लायन सफारीवरून खानवेलकडे जाणारा रस्ता पहाटे मोकळा असतो. दादऱ्याच्या वनगंगा तलावाभोवती गुडघ्यांना न दुखवता फिरता येतं. सुरुवात सपाटीवर करा, मग खानवेल ते दुधनीच्या चढ-उतारांवर. एप्रिल-मेचा दमट उकाडा लक्षात घेऊन सहाच्या आत निघा. अमरनाथ श्राइन बोर्ड निदान महिनाभर आधीपासून रोज चार-पाच किलोमीटर चालायला सांगतं. जादा वजन असेल तर मी तीन महिने म्हणेन. चालताना अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, तोच तुमचा वेग. वरही तोच ठेवायचा. सापुताऱ्याला किंवा कळसूबाईला एकदा जाऊन या, मांड्या आणि गुडघे कळतील. पण कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटरचं आहे. उंचीचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो. ‘मी कळसूबाई तीनदा केलाय’ हा आत्मविश्वास लेहला उपयोगाचा नाही, कारण सह्याद्रीत ती परीक्षा कुठेच होत नाही.

आता प्रवासाचा बेत. नियम एकच पाठ करा: 3,000 मीटरच्या वर, झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचा नाही. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली आलात तर चालतं. भारतीय लष्कर जवानांना 2,700 ते 3,600 मीटरच्या टप्प्यावर सहा दिवस ठेवतं, त्यानंतरच पुढे पाठवतं. सहलीच्या जाहिरातीत लेहला दुसऱ्या दिवशी खारदुंगला खिंड आणि तिसऱ्या रात्री पँगाँग असेल तर ती सहल तुमच्यासाठी नाही.

आपण वापीहून मुंबई, मुंबईहून विमानाने लेह असे एका दिवसात तीस मीटरवरून साडेतीन हजारांवर जातो. पोचल्यावर किमान 48 तास आराम करा, असं लेहला सगळेच सांगतात. जादा वजन असेल तर तीन रात्री लेहमध्ये काढा. मग नुब्रा खोऱ्यात हुंडरला जा. वाटेत खारदुंगला ओलांडावा लागतो, पण तिथे काही मिनिटंच थांबायचं, आणि हुंडर लेहपेक्षा खाली, सुमारे 3,100 मीटरवर आहे. पँगाँग तलाव सुमारे सव्वाचार हजार मीटरवर आहे. तिथे तंबूत मुक्काम करायची हौस सगळ्यांना असते. जो जोरात घोरतो आणि ज्याची तपासणी झालेली नाही, त्याने पहिल्या खेपेला तिथे रात्र काढू नये. दिवसभराचा लांब प्रवास सोसून परत लेहला झोपायला यावं. वेळ असेल तर श्रीनगर, कारगिल, लेह असा रस्ता सर्वांत चांगला. कारगिल सुमारे 2,700 मीटरवर आहे, तिथला मुक्काम शरीराला सावरायला मदत करतो. मनालीच्या रस्त्याने गेलात तर सरचूला, जवळपास 4,300 मीटरवर, मुक्काम पडतो, तो टाळावा.

केदारनाथची गोष्ट वेगळी आहे. गौरीकुंड 1,982 मीटरवर, मंदिर 3,583 वर. पायी गेलात आणि वर राहिलात तर झोपायची जागा एका दिवसात 1,600 मीटरने उंचावते. हेलिकॉप्टरने गेलात तर ही उडी काही मिनिटांत होते, पण सकाळी जाऊन दुपारी खाली आलात तर धोका कमी, कारण उंचीचा त्रास सहसा सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो. वरची रात्र टाळणं, हा जादा वजनाच्या भाविकासाठी सर्वांत मोलाचा सल्ला. पायी जायचंच असेल तर आधी एक-दोन रात्री गुप्तकाशी किंवा सोनप्रयागला काढा आणि परतीला अंधार पडणार नाही असं निघा. घोडा किंवा डोली घेतली म्हणून निश्चिंत होऊ नका. पायांचे कष्ट वाचतात, ऑक्सिजन तेवढाच राहतो. उलट तुम्ही शरीराला वेळ न देता लवकर वर पोचता.

पहिल्या रात्रीकडे या. जेवण हलकं आणि लवकर, झोपायच्या तीन तास आधी. उंचावर दाब कमी असल्याने पोटातला वायू फुगतो. लेहला तो खालच्यापेक्षा जवळजवळ दीडपट जागा घेतो. आधीच मोठं असलेलं पोट त्याने आणखी तटतटतं आणि श्वासपटलाला दाबतं. म्हणून पहिल्या दोन दिवसांत छोले, राजमा, तळलेलं, डब्यातल्या पुऱ्या-फरसाण नको. मऊ भात, डाळीचं पाणी, सूप, खिचडी. उताणं झोपू नका. एका कुशीवर झोपा, पाठीला उशी लावा म्हणजे झोपेत वळणार नाही. डोकं आणि छाती दोन्ही वर राहतील अशी पाठीखाली घडी केलेली रजई ठेवा. नुसती मानेखाली दोन उशा रचल्या तर हनुवटी छातीला लागून घसा आणखी दबतो. ‘आज बसू या’ असा बेत असेल तर तो लेहच्या पहिल्या दोन रात्रींत अजिबात नको. दारूने घसा सैल पडतो आणि श्वास मंदावतो. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. खोलीत एकट्याने झोपू नका. सोबत्याला सांगून ठेवा, की रात्री जाग आली की माझा श्वास ऐक.

उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स, म्हणजेच असिटाझोलामाइड, अनेक जण औषधाच्या दुकानातून आणून घेतात. प्रतिबंधासाठी नेहमीची मात्रा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघायच्या आदल्या दिवसापासून. शंभर किलोवरच्या माणसाला डॉक्टर जास्त देऊ शकतात. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार, लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी, यांपैकी काही असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन आणि ‘फ्लोझिन’ने संपणाऱ्या नावाच्या गोळ्यांबद्दल आधी विचारा, कारण अंगातलं पाणी कमी झालं की त्या त्रास देऊ शकतात. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं; ते अंगाजवळच्या खिशात ठेवा. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. दुकानात मिळणारी ऑक्सिजनची छोटी डबी काही मिनिटांत संपते.

सगळ्यांत मोठी चूक गटातल्या लोकांकडून होते. जाड माणसाला धाप लागली की सगळे म्हणतात, ‘वजनाने दमलाय, बसू दे थोडा.’ तोही शरमेने गप्प राहतो, कारण आयुष्यभर त्याने हेच ऐकलेलं असतं. आणि फुप्फुसात पाणी भरत असतं. म्हणून दमणं आणि आजार यांत फरक करायला शिका. चढताना धाप लागली आणि बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत शांत झाली, तर ते दमणं. बसूनही धाप उतरत नाही, आडवं होता येत नाही, कोरडा खोकला सुरू झालाय, नख-ओठ निळसर दिसताहेत, कालपर्यंत चालत होता आणि आज शौचालयापर्यंत जाताना थांबावं लागतंय, तर तो आजार. हे बहुधा दुसऱ्या रात्रीच्या सुमारास सुरू होतं. थुंकीत गुलाबी फेस आला तर वेळ फार थोडा उरलेला असतो. डोकेदुखीसोबत बोलणं अडखळत असेल, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर मेंदूला सूज आली आहे असं समजा.

अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन मिळत असेल तर लावा आणि खाली उतरवा. 300 ते 1,000 मीटर उतरल्यानेही जीव वाचतो. त्याला चालवू नका, श्रमाने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो. इथे वजनाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो: शंभर किलोच्या माणसाला रात्री खांद्यावर घेऊन उतरवायला माणसं जास्त लागतात, घोडा तयार होत नाही. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना तिथपर्यंत गाडी येते का आणि जवळचं रुग्णालय किती तासांवर आहे, हे आधी विचारून घ्या. साधी डोकेदुखी आणि मळमळ असेल तर उतरण्याची घाई नको, पण तिथून वर एक पाऊलही नको. पुढचे 24 तास आराम, आणि वाढलं तर खाली.

गटाच्या म्होरक्याला तुमचं वजन, औषधं आणि झोपेच्या तपासणीचा निकाल लेखी द्या. केदारनाथचे दरवाजे एप्रिलअखेर किंवा मेमध्ये उघडतात, म्हणजे त्यासाठी झोपेची तपासणी डिसेंबर-जानेवारीत व्हायला हवी आणि चालणं संक्रांतीपासून. जुलैच्या अमरनाथसाठी शिमग्यापर्यंत वेळ आहे. लेहला जून ते सप्टेंबर जातात. ऑगस्टअखेरीचा बेत धरलात तर हाताशी दोन महिने जास्त मिळतात, फक्त आपल्याकडचा पाऊस तोवर सुरू झालेला असतो, तेव्हा रस्त्यावरचं चालणं जिन्यावर न्यावं लागेल. तीन-चार मजल्यांची इमारत पुरते, दहा फेऱ्यांपासून सुरुवात करायची.